वळचणीचं शहर

मुंबईच्या पावसाला छत्री पुरत नाही, हे इथे चार पावसाळे काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. वरून पडणारा पाऊस छत्री झेलते. पण समुद्राकडून आडवा येणारा, बसच्या चाकाखालून उडणारा आणि शेजारच्याच्या छत्रीच्या काडीवरून आपल्या खांद्यावर उतरणारा, यांचं काय करायचं? वर्षाला दोन मीटरहून जास्त पाऊस, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकायचा. अशा शहरात माणसाला खरी गरज असते वळचणीची. जरा थांबायला, छत्री झटकायला, चष्मा पुसायला, फोनवर 'पोचतोच आहे पाच मिनिटांत' अशी थाप मारायला.

अशी वळचण दादाभाई नौरोजी रस्त्याइतकी सढळ हाताने दुसरीकडे कुठे मिळते असं मला वाटत नाही. व्हीटीतून (सीएसएमटी म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही) हुतात्मा चौकाकडे निघालं की कमानींची रांग लागते. इथला फुटपाथ इमारतींच्या समोरून जात नाही, पोटातून जातो. डोक्यावर मजले, बाहेरच्या बाजूला दगडी खांब, आतल्या बाजूला दुकानं, आणि मधून आपण. गल्ली ओलांडताना जे काय भिजायचं ते भिजायचं, की पुन्हा पुढच्या इमारतीखाली शिरायचं.

गंमत म्हणजे या रस्त्यावरच्या शेजारणींचं आपसात अजिबात जुळत नाही. एक गॉथिक, तिला लागून एक ग्रीक थाटाचे खांब मिरवणारी, पुढची घुमट आणि जाळ्यांची हौस असलेली, मधेच एखादी अग्यारी. तरी रस्ता एका हाताने काढल्यासारखा दिसतो, तो तळाशी धावणाऱ्या या कमानींमुळे. आणि त्या काही मालकांच्या दानशूरपणातून उगवलेल्या नाहीत. 1860 च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडल्यावर इथली वाट मोकळी झाली. तेव्हा याचं नाव हॉर्नबी रोड. 1896 साली सरकारने नियमच केला, की या रस्त्यावर बांधायचं तर तळमजल्याला पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट ठेवलीच पाहिजे. वर काय शोभा करायची ती करा, घुमट चढवा नाहीतर सिंह बसवा, पण खालून लोक जाणार. नियमाचं पुस्तक मी कधी प्रेमाने वाचलेलं नाही, पण हा एक नियम मात्र मला फार आवडतो. रस्त्यावरून जाणाऱ्या, त्या इमारतीशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाची त्यात सोय पाहिली आहे.

आता ही वाट रिकामी मिळेल असं कुणी समजू नये. मोबाइलच्या कव्हरांची भिंत, घड्याळाच्या पोटात डोळा खुपसून बसलेला कारागीर, पट्टे, पाकिटं, गॉगल, आणि हे सगळं टाळत तिरकं चालणारे आपण. पूर्वी दुकानांच्या पाट्यांनीही कमानी पार झाकून टाकल्या होत्या. मग शतक बदलायच्या सुमारास दुकानदार, वास्तुतज्ज्ञ आणि पालिका यांनी मिळून पाट्यांना शिस्त लावली आणि दगड पुन्हा दिसू लागला. 2004 मध्ये युनेस्कोने त्या कामाची दखल घेतली. त्याच वर्षी व्हीटी स्थानक जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्यामुळे साहजिकच सगळ्यांनी वर माना करून त्या घुमटाकडेच पाहिलं. पाट्या सरळ केल्याचं कौतुक कोण लक्षात ठेवतो?

इथून पश्चिमेला थोडं चाललं की ओव्हल मैदान. त्याच्या पूर्वेला जुनं सचिवालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, हायकोर्ट. सगळी 1870 च्या दशकातली मंडळी. सचिवालयाचे ते लांबलचक व्हरांडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, कारण तेव्हा समोर थेट समुद्र होता आणि कारकुनांच्या मानेवर खारा वारा यावा अशी योजना होती. पुढे बॅकबेमध्ये भर पडली आणि 1930 च्या दशकात मैदानाच्या पलीकडे आर्ट डेको, म्हणजे त्या काळच्या नव्या थाटाच्या, इमारतींची फळी उभी राहिली. म्हणजे समोरच्यांनी हवा अडवली, ही मुंबईतली सनातन तक्रार इथे चांगली जुनी आहे. 2018 मध्ये युनेस्कोने दोन्ही बाजूंना एकाच यादीत बसवलं. भांडणाऱ्या शेजाऱ्यांना एकाच सोसायटीचं सभासद करावं, तसं.

या डेको इमारतींना कमानी नाहीत. त्यांची माया वेगळी. आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट, आल्यामुळे खांबांशिवाय स्लॅब पुढे काढता येऊ लागला, आणि प्रत्येक खिडकीवर छज्जा आला. तो कोपऱ्यावर थांबत नाही, सरळ वळून पुढच्या भिंतीवर जातो. त्या छज्जामुळे पाऊस असतानाही खिडकी उघडी ठेवता येते. हे सुख किती मोठं आहे, ते काचेच्या इमारतीत एसी बंद पडल्यावर कळतं. दादर, शिवाजी पार्क, माटुंग्यातल्या तीन-चार मजली इमारतींनाही हेच छज्जे आहेत, आणि गोल बाल्कन्या, आणि जिन्यावर उभी लांब जाळी. खालून जाणाऱ्याला त्या छज्जाचा उपयोग शून्य, उलट पागोळ्या नेमक्या कॉलरमध्ये. पण अशा इमारतीला दारापाशी दोन-तीन पायऱ्या आणि एक पोर्च असायचा, आणि तिथे उभं राहिलेल्याला कुणी 'कोणाकडे?' असं विचारत नसे. फार तर वरून एखाद्या आजींनी डोकावून पाहिलं असतं.

चाळीची गॅलरी हा तर वेगळाच विषय, आणि त्यावर मराठीत इतके उसासे टाकून झालेत की मी माझे आवरते घेतो. शिवाय बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत ज्यांचे संसार झाले, त्यांना 500 चौरस फुटांचं घर आणि स्वतःचा संडास मिळत असताना 'गॅलरीतला जिव्हाळा हरवला हो' असं आपण टू बीएचकेच्या सोफ्यावरून म्हणायचं, यात काही अर्थ नाही.

जुनं ते सगळं मायाळू, असंही नाही. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, बघा. 1860 च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेला लोखंडी सांगाडा जहाजातून आणून इथे जोडला. 7 जुलै 1896 रोजी याच हॉटेलात लूमिएर बंधूंची चित्रं पडद्यावर हलली. तिकडे हॉर्नबी रोडचा नियम झाला तेच वर्ष. पुढे तिथे वकिलांची चेंबर्स आली, भाडी 1940 च्या पातळीवर गोठली, आणि त्या भाड्यात कोणता मालक लोखंड घासून रंगवणार? 2005 च्या पावसाळ्यात दर्शनी भागाचा एक तुकडा कोसळून एकाचा जीव गेला. 2019 मध्ये इमारत रिकामी करण्यात आली. तिच्या वळचणीला उभं राहा, असं मी कुणाला सांगणार नाही.

पण नव्या टॉवरांचं काय? खाली सहा-सात मजले पार्किंगचा पोडियम. म्हणजे रस्त्यावरून चालणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला माणसं नाहीतच, गाड्या आहेत. त्याभोवती भिंत, भिंतीला गेट, गेटला बूम बॅरियर. पाऊस आला म्हणून भिंतीला चिकटून उभं राहावं तर वर काही नसतंच, सरळसोट काच आणि पाणी. गेटच्या छपराखाली सरकलात तर सिक्युरिटीवाला शिट्टी फुंकतो. त्या बिचाऱ्याचा राग येत नाही. त्याच्या स्वतःच्या केबिनीत खुर्ची आणि गुडघे एकाच वेळी मावत नाहीत.

बांधकाम व्यवसायातल्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी हे बोलून दाखवलं. म्हटलं, 'तुम्ही लोक रस्त्याच्या बाजूने तेवढ्या कमानी का नाही ठेवत?'

'साहेब, ती जागा सेलेबल नाही,' ते म्हणाले. 'त्याचा एफएसआय, म्हणजे तेवढं बांधायची परवानगी, कोण देणार?'

'अहो, पण वर मजले आहेतच की. डीएन रोडला फुटपाथच्या डोक्यावरच ऑफिसं आहेत. मालकाचा गेला तो फक्त तळमजल्याचा एक पट्टा. आणि त्या पट्ट्यातून सबंध फोर्ट चालतं, म्हणून आतल्या दुकानाला गिऱ्हाईक मिळतं.'

ते जरा थांबले. कॅल्क्युलेटर नुसता मनातच चालू झाला असावा. मग म्हणाले, 'आयडिया चांगली आहे. म्हणजे त्या कमानीसुद्धा भाड्याने देता येतील.'