आलं चालेल का, जीभ बघून सांगाल?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. मी ग्वांगझौमध्ये नऊ वर्षं राहिले, तिथे चिनी वैद्यकाच्या वर्गांना जात होते, हे कुणाला कळलं की मोबाइलवर जिभेचा फोटो येतो. खाली एकच ओळ, ‘ताई, मला आलं चालेल का?’ मी उत्तर देत नाही. मग लोकांना वाटतं ही भाव खाते, नाहीतर हिचाच त्यावर विश्वास उरलेला नाही. दोन्ही खरं नाही.

फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला असतो. नुकतीच हळदीची आमटी खाल्लेली, आणि सकाळी जीभ लख्ख घासलेली. आमच्या लाओशी, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, पेशंटला खिडकीशी बसवून दिवसाच्या उजेडात जीभ बघायच्या. येताना कॉफी प्यायची नाही, जीभ घासायची नाही. जिभेवरचा थरच तर वाचायचा असतो, आणि आपण रोज सकाळी तोच पुसून टाकतो.

जीभ फिकी, कडेला दातांच्या खुणा, वर ओलसर पांढरा थर, तर आत थंडी धरलीय, तिथे आलं. जीभ लाल आणि थर पिवळा, तर उष्णता. थरच नसेल तर आतली ओल आटलीय. या दोन्हीत आलं जपून, सुंठ तर नकोच. तिथे ओलं आलं, सुंठ, काळपट भाजलेली सुंठ आणि आल्याची साल ही चार वेगळी औषधं आहेत. साल अंगावरच्या सुजेसाठी. झांग झोंगजिंग या चिनी वैद्याने सुमारे १८०० वर्षांपूर्वी लिहिलेल्या दालचिनीच्या डहाळ्यांच्या काढ्यात ओलं आलं आहे, पण बारा खजुरी बोरांच्या सोबतीने. एकट्या आल्याचा प्रश्न तिथे फारसा कुणी विचारत नाही.

हे सगळं मला येत होतं. म्हणूनच आईचं तसं झालं.

एका दिवाळीत ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “जीभ चुरचुरतेय गं, साधी आमटीपण झोंबते.” मी म्हटलं, खिडकीशी जा, दाखव. तिने आधी मागे कुणी नाही ना बघितलं, मग जीभ काढली. लाल, गुळगुळीत, लोणी चोपडल्यासारखी चकाकणारी. पुस्तकात अशा जिभेला आरशाची उपमा आहे. ती ओळखता आल्याचा मला आनंद झाला. हो, आनंदच, तो लपवत नाही. आलं, सुंठ, लसूण बंद, नासपती शिजवून खा, असं ठणकावून सांगितलं. चाळीस वर्षं आल्याचा चहा पिणाऱ्या बाईने तो त्याच दिवशी सोडला. पुढचे चार महिने विचारलं की म्हणायची, “बरंय आता.” मला वाईट वाटू नये म्हणून.

मग एकदा ती देवळातून एका पायात चप्पल घालून घरी आली. दुसरी वाटेत निसटलेली तिला कळलीच नव्हती. तळपाय बधिर झाले होते. डॉक्टरांनीही आधी जीभच काढायला सांगितली, आणि मग रक्त तपासलं. बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी. जन्मभर शाकाहारी. इंजेक्शनं सुरू झाल्यावर काही आठवड्यांत जीभ पुन्हा खरबरीत झाली. डावा तळपाय अजून पुरता जागा झालेला नाही.

तेव्हाची मी आजही वाद घालते. म्हणते, जिभेचं वर्णन तर बरोबरच होतं ना? होतं. जीभ खोटं बोलली नाही. पण चिनी वैद्यकात बघणं, ऐकणं-हुंगणं, विचारणं आणि नाडी अशा चार तपासण्या सांगितल्यात, आणि मी एकच केली, तीही पडद्यावर. लाओशींनी पायांबद्दल विचारलं असतं का? काही दिवस वाटतं, नक्की विचारलं असतं. काही दिवस वाटतं, ही मी स्वतःसाठी काढलेली पळवाट आहे, कारण नाडी धरून बी-१२ थोडंच कळतं? तरी लाओशींच्या खिडकीशी मी जे बघितलं ते थोतांड होतं असं मला कुणी सांगितलं, तर मी अजून भांडते.

आई आता पुन्हा चहात आलं किसते. परवा फोनवर पातेल्याचा आवाज येत होता. तिने विचारलं, “घालू ना गं?” घाल म्हटलं. जीभ दाखव, हे अगदी ओठांवर आलं होतं.