माघी पौर्णिमा ते होळी: थारमध्ये बाईक न्यायचा महिना

राजस्थानच्या वाळवंटात बाईकवर कधी जावं, असं कुणी विचारलं की मी इंग्रजी महिना सांगत नाही. माघी पौर्णिमा उलटली की निघावं आणि होळीच्या आसपास घरी परतावं. वर्षातला तेवढा एकच महिना. आमच्या रायडिंग ग्रुपमध्ये यावरून दरवर्षी वाद होतो, कारण बाकी सगळ्यांना डिसेंबर हवा असतो. मुलांना नाताळची सुट्टी, ऑफिसातल्या उरलेल्या रजा, गार हवा. कारणं मला पटतात. डिसेंबर तरीही पटत नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि नवरा जैसलमेरला होतो. सम, म्हणजे वाळूच्या प्रसिद्ध टेकड्या, तिथून चाळीसेक किलोमीटरवर. तंबूचं भाडं एरवीच्या तिप्पट, ते एक वेळ सोडून देऊ. पण त्या टेकड्यांवर वाळूची एक रेघ शाबूत नव्हती. जीपच्या चाकोऱ्या, चिप्सची पाकिटं, आणि प्रत्येक तंबूवस्तीचा स्वतःचा डीजे. आमच्याकडे मांगणियार मंडळी गायला आली होती. त्यांतले एक म्हातारे काका कमायचा हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजवत होते. कमायच्याचा पोटाकडचा भाग गोल आणि कातड्याने मढवलेला असतो, त्यामुळे त्याचा आवाज घशातून आल्यासारखा भरीव येतो. काकांनी डोळे मिटून सुरुवात केली आणि शेजारच्या आवारातून स्पीकरचा असा दणका आला की आमच्या ताटातल्या वाट्या थरथरल्या. काकांनी गज थांबवला, वाट पाहिली, पुन्हा लावला, पुन्हा थांबवला. पुढच्या रांगेतून कुणीतरी सिनेमातल्या गाण्याची फर्माईश केली. ते लगेच ते गाणं वाजवू लागले, कारण त्यांना रात्री आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. मला इतकं वाईट वाटलं की जेवण गेलं नाही. पिढ्यान् पिढ्या यजमानांच्या घरी जन्मापासून मरणापर्यंत गाणारी ही माणसं, आणि आपण सुट्टी टाकून, पैसे मोजून त्यांना ऐकायला जातो ते असं.

गर्दी बाजूला ठेवली तरी बाईकवाल्याला डिसेंबर सोयीचा नाही. जैसलमेर देशाच्या पार पश्चिमेला असल्याने तिथे नाताळच्या सुमारास सूर्य सव्वासात-साडेसातला उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. बिकानेरच्या बाजूला धुकं असेल तर सकाळचे नऊ-दहा हॉटेलच्या दारातच वाजतात. निघाल्यावर पहिला तासभर बोटं इतकी बधिर असतात की क्लच दाबलाय की नाही हे बघावं लागतं. दुपारी जरा ऊब येते तोवर आपण पश्चिमेकडे तोंड करून चाललेलो असतो आणि खाली आलेला सूर्य थेट व्हायझरमध्ये घुसतो. रस्त्यात उंट, गाई, नीलगाय काहीही उभं असतं. अंधार पडल्यावर त्या भागात बाईक चालवायची नाही, हा आमचा पक्का नियम आहे. मग दिवसाचे हाताशी लागतात ते मोजके तास. फेब्रुवारीच्या शेवटी दिवस तासाभराने मोठा होतो आणि तो सगळा तास वापरता येतो.

यंदा फाल्गुनात गेलो (राजस्थानातला फाल्गुन, तो माघी पौर्णिमेनंतर लगेच सुरू होतो). पुणे, अहमदाबाद, सांचोर, बाडमेर. हायवेच्या या रस्त्यावर सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे. सांचोरच्या पुढे जिऱ्याची काढणी चालू होती आणि हेल्मेट घालूनही तो वास मैलोन् मैल येत होता. कापलेल्या ओल्या जिऱ्याला हिरवा, किंचित कोथिंबिरीकडे झुकणारा वास असतो. कोरड्या फोडणीच्या जिऱ्याशी त्याचं फारसं नातं नाही.

समला आम्ही गेलोच नाही. जैसलमेरजवळच्या खुरी गावात मुक्काम केला आणि सकाळी म्याजलारच्या दिशेला निघालो. अरुंद डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना सेवण गवताचे वाळके झुबके, मधूनच खेजडी, म्हणजे आपली शमी. पारा विशीच्या आसपास असावा. अंगात एक पातळ थर आणि वर जॅकेट, बस. वारा नव्हता. हे बाईकवाल्यांनीच समजून घ्यावं असं सुख आहे, कारण त्याच प्रदेशात उन्हाळ्यात नैऋत्येचा वारा इतका सुटतो की जैसलमेरभोवती पवनचक्क्यांची रानं उभी राहिली आहेत. तो वारा आडवा लागला की बाईक कलती धरून चालवावी लागते आणि वाळू डांबरावर सरपटत येते. वळणावर वाळूचा चार बोटं थर असला तरी पुढचं चाक निसटायला पुरतो. फाल्गुनात रस्ता झाडून ठेवल्यासारखा असतो आणि सकाळी वाळू थोडी आवळलेली असते.

एका वळणावर नवऱ्याने अचानक इंडिकेटर दिला. समोर रोहिडा फुलला होता. मराठीत आपण त्याला रक्तरोहिडा म्हणतो. राजस्थानचं ते राज्यपुष्प आहे. त्याचं लाकूड इतकं चांगलं की मारवाडचा साग म्हणून ओळखलं जातं, आणि त्यापायीच हे झाड कमी होत गेलं. एरवी करडं, वाकडंतिकडं, लक्षही जाऊ नये असं. त्या दिवशी पानं जेमतेम दिसत होती आणि फांद्याफांद्यांना पेल्यासारख्या फुलांचे घोस लटकले होते, काही पिवळे, बहुतेक भगवे, मधूनच गडद लाल. वास अजिबात नाही. पण आत मध भरलेला असतो, म्हणून बुलबुल डोकं पार कानशिलापर्यंत फुलात खुपसत होते आणि बाहेर काढलं की चोचीच्या मुळाशी पिवळे पराग. खाली वाळूवर पडलेली फुलं शेळ्या वेचून खात होत्या. मी डब्याचं झाकण साइड स्टँडखाली सरकवलं (वाळूत स्टँड रुतून गाडी आडवी होऊ नये म्हणून ते नेहमी टँक बॅगेत असतं) आणि तिथेच बसले. डिसेंबरात याच रस्त्याने गेलो असतो तर हे झाड दिसलंच नसतं.

शेळ्या ज्यांच्या होत्या ते काका जवळ आले. कुठून आलात, गाडी किती चालते, मुलं कुणाकडे ठेवली, अशी चौकशी झाली. मग म्हणाले, ढाणी जवळच आहे, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. ढाणी म्हणजे शेतातली एकट्या कुटुंबाची वस्ती. गवताने शाकारलेली दोन गोल झोपडी, एक पक्की खोली, अंगण शेणाने सारवलेलं. नवरा बाहेर खाटेवर बसला आणि मला त्यांच्या सुनेने आत बोलावून घेतलं. बाई बाईक चालवते याची तिला खूप मजा वाटली. हातमोजे तिने हातात घालून बघितले.

मी पाणी मागितलं. ती उठली, अंगणाच्या कडेला गेली आणि ओढणीच्या टोकाला बांधलेली किल्ली सोडली. तिथे टांका होता. टांका म्हणजे जमिनीखालची गोल टाकी. भोवतालची जमीन मधे उतार देऊन चोपलेली असते, तिला आगोर म्हणतात. पावसाचं पाणी त्यावरून वाहत येऊन टाक्यात उतरतं. आगोरावर कुणी चपला घालून जात नाही, मीही बूट काढले. वरच्या लोखंडी झाकणाला कुलूप होतं. तिने ते उघडलं, दोरीला बांधलेली छोटी बादली आत सोडली, आणि पाणी चौपदरी फडक्यातून गाळून लोट्यात दिलं. गार, बेचव, स्वच्छ. मी आत वाकून बघितलं, निम्म्याच्या थोडं खाली होतं.

हे पाणी कुठवर पुरतं, असं विचारलं. ती म्हणाली, पाऊस बरा झाला असेल तर वैशाखापर्यंत, मग टँकर. आणि अगदी सहज पुढे सांगितलं की आता कुणी आलं की बरं वाटतं, जेठात पाहुणा आला तरी पाणी देतोच, पण देण्याआधी एकदा आत वाकून बघतो.

त्या वाक्याने मला हलवलं. जैसलमेर जिल्ह्यात वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस. त्यातला आगोरावर पडला तेवढा साठवलेला, आणि त्यातून आलेला लोटा मी उभ्या उभ्या पिऊन टाकला होता. ऋतू निवडताना आपण फक्त आपला विचार करतो. मला उकडेल का, मला थंडी वाजेल का, माझे फोटो चांगले येतील का. यजमानाला कोणता महिना परवडतो हे आपण विचारतच नाही. फाल्गुनात तिथे टाक्यात पाणी असतं. रब्बीचं थोडंफार घरात आलेलं असतं. कुलधरा या उजाड गावाच्या परिसरात पालीवाल ब्राह्मणांनी बांधलेल्या खडीनांमध्ये, म्हणजे पावसाचं पाणी अडवून मुरवलेल्या शेतांत, गहू-हरभरा उभा असतो. आम्हाला बाजरीचा सोगरा (भाकरी), ताक आणि फोग नावाच्या झुडपाच्या नुकत्याच आलेल्या कळ्यांचं रायतं मिळालं. पैसे काढले तर काका रागावले. शेवटी आमच्याकडची चिक्की मुलांच्या हातात दिली, ती मात्र घेतली.

उन्हाळ्याबद्दल लांबण लावत नाही. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. एप्रिलअखेर मी फलोदी ते पोकरण एकदा बाईकवरून गेले आहे. हवा अंगाच्या तापमानापेक्षा गरम झाली की वेग वाढवून गारवा मिळत नाही, उलट जास्त भाजतं. व्हायझर बंद ठेवायचा, जॅकेटची चेन लावायची, आतला शर्ट ओला करायचा. तो वीस मिनिटांत खडखडीत वाळतो आणि पुन्हा ओला करायला कुणाचं तरी पाणी लागतं. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्या याच पोकरणजवळ आणि दोन्ही वेळा मे महिन्यातच झाल्या. त्या उन्हात काम करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात तेव्हापासून वेगळाच आदर आहे.

भाद्रपदात वाळवंट हिरवं होतं, हे खरं. पण तेव्हा पोकरणजवळच्या रामदेवऱ्याची जत्रा असते, रस्ते पायी जाणाऱ्या भाविकांनी भरलेले असतात, आपल्या आषाढी वारीच्या रस्त्यासारखे. तिथे जायचं तर चालत जावं. बाईकने त्यांच्यातून वाट काढायला मला लाज वाटते. शिवाय भुरट गवताचे काटे मोज्यांतून, पँटमधून आठवडाभर निघत राहतात.

माघी पौर्णिमाच का, तर जैसलमेरचा मरु महोत्सव तिला संपतो आणि गाव पुन्हा गावाच्या ताब्यात येतं. खोल्या स्वस्त होतात, किल्ल्यातल्या गल्लीतून दोन माणसं शेजारी चालू शकतात. पुढे पंधरवड्याने महाशिवरात्र, चंद्र जवळजवळ नाहीच. त्या रात्री खुरीच्या वाळूवर आम्ही पाठीवर पडून होतो. आकाशगंगेचा ठळक मध्यभाग नव्हता, त्या दिवसांत तो पहाटेच वर येतो. पण मृग आणि व्याध इतके ठळक होते की बोलणं थांबलं. रामगढला टाकी भरून तनोट-लोंगेवालाही केलं, तो रस्ता टेकड्यांवरून झोपाळ्यासारखा वरखाली जातो. त्यावर स्वतंत्र लिहीन.

एक गोष्ट या महिन्यात हुकू शकते. फलोदीजवळच्या खिचनच्या कुरजा, म्हणजे आपले करकोचे, तोवर परतीला लागलेले असतात. कुरजांसाठीच जायचं असेल तर माघाच्या सुरुवातीला जा आणि थंडी सोसा. मावठाचा, म्हणजे तिथल्या थंडीतला, एखादा पाऊसही फेब्रुवारीत गाठू शकतो, रेनकोट बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

आणि होळी कधी आहे ते आधी कॅलेंडरात बघा. २०२५ मध्ये ती १३ मार्चला होती. २०२७ मध्ये मार्चची वीस तारीख उलटून येते आणि तोवर दुपारी ऊन चांगलंच चढतं, त्यामुळे त्या वर्षी होळीपर्यंत थांबू नका. महाशिवरात्र ६ मार्चला आहे, तिच्या आधीच्या आठवड्यात खुरीला पोचा. आमची रजा टाकून झाली आहे.