व्हीएममध्ये धावते, खऱ्या सर्व्हरवर अडते: आयरॉनिकसाठी डिस्क इमेज तयार करताना

ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरमधल्या आयरॉनिकवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनऐवजी (व्हीएम) थेट खऱ्या यंत्रावर डिस्क इमेज बसवणाऱ्या सेवेवर, सर्व्हर उभे करायचे तर इमेज बनवायला फार वेळ लागत नाही. वेळ खातं ते तिला खऱ्या हार्डवेअरवर बूट करायला लावणं. इमेज जिथे बनली तिथली गृहीतकं ती सोबत घेऊन येते: डिस्क व्हर्टआयओची (व्हीएममधली आभासी डिस्क), सेक्टर ५१२ बाइटचा, कार्डांचं फर्मवेअर लागतच नाही. आमच्यासमोर आलेल्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच निघालं.

सुरुवात बेस इमेजपासून. डेबियनच्या क्लाउड इमेजमध्ये ‘जेनेरिक’ आणि ‘जेनेरिकक्लाउड’ अशी दोन नावं दिसतात. दुसरी आकाराने लहान म्हणून मोह होतो, पण तिच्यातून भौतिक हार्डवेअरचे ड्रायव्हर काढलेले असतात. आपल्याला ‘जेनेरिक’च हवी. शिवाय नेटवर्क कार्डांचं फर्मवेअर वेगळ्या पॅकेजात असतं. डेबियन १२ पासून त्यासाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा स्वतंत्र विभाग आहे, तो चालू करून घ्यावा लागतो. इंटेलच्या ई८१० कार्डाला त्याचं डीडीपी पॅकेज (ड्रायव्हर कार्डात भरतो ती फाइल) मिळालं नाही तर कार्ड बंद पडत नाही, सेफ मोडमध्ये चालतं. पिंग जातो, लॉगिन होतं, आणि वेग का मिळत नाही याचा शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो.

रेड हॅट घराण्यात, म्हणजे रॉकी किंवा अल्मावर, सापळा वेगळा आहे. इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला कर्नलला लागणाऱ्या ड्रायव्हरांचा संच) बनवणारा ड्रॅकट ‘होस्टओन्ली’ पद्धतीने चालला की ज्या यंत्रावर तो चालतो तिथलेच ड्रायव्हर इनिटरामएफएसमध्ये भरतो. व्हीएममध्ये इमेज बनवली तर व्हर्टआयओ आत जातो आणि मेगारेड, एमपीटी३सॅस, एनव्हीएमई हे खऱ्या डिस्कांचे ड्रायव्हर बाहेर राहू शकतात. मग सर्व्हरवर ग्रब (बूटलोडर) येतो, कर्नल सुरू होतो, रूट डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) सापडत नाही आणि थोड्या वेळाने ड्रॅकटचं इमर्जन्सी शेल समोर येतं. उपाय सोपा: होस्टओन्ली बंद करून इनिटरामएफएस पुन्हा बनवायचं आणि ‘एलएसइनिटआरडी’ने आत हवे ते ड्रायव्हर आहेत का ते पाहायचं. हे पाहिल्याशिवाय आम्ही इमेज पुढे पाठवत नाही. उबंटूवर इनिटरामएफएस-टूल्समध्ये ‘मॉड्यूल्स’ची किंमत ‘मोस्ट’ आहे ना, एवढं पाहिलं की झालं.

इमेज आम्ही डिस्कइमेज-बिल्डरने बनवतो: डिस्ट्रोचं एलिमेंट (बांधणीचा तयार भाग), ‘व्हीएम’, ‘ब्लॉक-डिव्हाइस-ईएफआय’ आणि ‘क्लाउड-इनिट’. ‘व्हीएम’ या नावाने गोंधळू नका, त्यामुळेच पूर्ण डिस्कची इमेज तयार होते. पार्टिशन टेबल जीपीटी पद्धतीचंच ठेवा. जुन्या एमबीआर पद्धतीत चार प्रायमरी पार्टिशन आधीच भरलेली असतील तर आयरॉनिकला कॉन्फिग ड्राइव्हसाठी (पहिल्या बूटची सेटिंग्ज असलेला भाग) जागा उरत नाही, कारण तो डिस्कच्या शेवटी एक छोटं पार्टिशन स्वतः बनवतो. रूट पार्टिशन इमेजमध्ये सगळ्यात शेवटी असावं; तरच पहिल्या बूटला ग्रोपार्ट (पार्टिशन वाढवणारं साधन) ते कॉन्फिग ड्राइव्हच्या अलीकडेपर्यंत पसरवू शकतो. शेवटी स्वॅप ठेवला की सर्व्हरला कितीही मोठी डिस्क असो, रूट तेवढंच राहतं.

बूटलोडरची एक प्रत ईएसपीमधल्या (बूटच्या फाइलींचं पार्टिशन) ‘ईएफआय/बूट’ फोल्डरात ‘बूटएक्स६४’ नावाने ठेवा. व्हीएमच्या एनव्हीरॅममधली (फर्मवेअरच्या स्मृतीतली) बूट नोंद इमेजबरोबर जात नाही, आणि दुसरं काही सापडलं नाही तर यूईएफआय, म्हणजे बूट सुरू करणारं सर्व्हरचं फर्मवेअर, याच ठिकाणी शोधतं.

४के नेटिव्ह (४केएन), म्हणजे ४०९६ बाइटचे सेक्टर असलेल्या डिस्कबद्दल दोन शब्द जास्त बोलावे लागतील. जीपीटीचा मुख्य हेडर दुसऱ्या सेक्टरात असतो. ५१२च्या हिशोबाने तो ५१२व्या बाइटपासून सुरू होतो, ४०९६च्या हिशोबाने ४०९६व्या बाइटपासून. त्यामुळे ५१२ धरून बनवलेली इमेज ४केएन डिस्कवर बाइट न् बाइट बरोबर लिहिली गेली तरी फर्मवेअरला पार्टिशन टेबल दिसत नाही. लिहिण्यात त्रुटी नाही, चेकसम जुळतो, डिस्क मात्र कोरी वाटते. अशा डिस्कसाठी ४०९६ सेक्टरची वेगळी इमेज बनवा, किंवा डिस्कला सोय असेल तर ती ५१२वर फॉरमॅट करून घ्या. ५१२ई डिस्क बाहेर ५१२चेच सेक्टर दाखवते, तिला हा त्रास नाही.

साफसफाईत एसएसएच होस्ट की आणि लॉग काढून टाका. ‘मशीन-आयडी’ची फाइल रिकामी करा, पण उडवू नका. जुना आयडी तिच्यात तसाच राहिला तर सिस्टमडी-नेटवर्कडी प्रत्येक सर्व्हरवर तीच ओळख सांगतो आणि डीएचसीपी दोघांना एकच पत्ता देऊ शकतो. कर्नलच्या ओळीत सिरियल कन्सोल ११५२०० वेगाने लावा. पोर्ट शून्य की एक, हे त्या मॉडेलच्या बीएमसीवर (सर्व्हर दुरून हाताळणारी चिप) ठरतं. चुकलं तर बूट होतंय की अडलंय तेच कळत नाही.

व्हर्च्युअल आकार लहान ठेवा, आम्ही ५ जीबीच्या आसपास ठेवतो. क्यूकाऊ२ (आटोपशीर इमेज फॉरमॅट) फाइल थेट एजंटकडे, म्हणजे सर्व्हरवर इमेज लिहिणाऱ्या आयरॉनिकच्या प्रोग्रामकडे, गेली तर ती आधी सर्व्हरच्या रॅममध्ये उतरते आणि मग डिस्कवर उलगडते. रॉ इमेज सरळ डिस्कवर लिहिता येते, पण नेटवर्कवरून पूर्ण आकार वाहून न्यावा लागतो.

ग्लान्स या ओपनस्टॅकच्या इमेज भांडारात अपलोड करताना डिस्क फॉरमॅट ‘क्यूकाऊ२’ किंवा ‘रॉ’, जे खरोखर आहे तेच लिहा; कंटेनर फॉरमॅट ‘बेअर’. अंदाजाने लिहिण्याऐवजी आधी ‘क्यूईएमयू-आयएमजी इन्फो’ चालवा. फाइलच्या नावावर जाऊ नका. २०२४ मध्ये क्यूकाऊ२ हाताळण्यातल्या सुरक्षा त्रुटी उघड झाल्यावर तपासणी कडक झाली. सांगितलेलं आणि सापडलेलं फॉरमॅट जुळलं नाही तर डिप्लॉय तिथेच थांबतं. हे बरंच झालं म्हणायचं. अपलोड संपल्यावर स्थिती ‘ॲक्टिव्ह’ आहे का पाहा आणि ग्लान्सने नोंदवलेला हॅश, सहसा एसएचए५१२, आपल्या फाइलच्या हॅशशी ताडून घ्या. मोठी फाइल लोड बॅलन्सरच्या टाइमआउटला अर्ध्यात तुटते, तेव्हा दोष इमेजचा नसतो.

जुन्या इमेजचे गुणधर्म कॉपी करताना ‘कर्नल-आयडी’ आणि ‘रॅमडिस्क-आयडी’ मागे राहिले, तर आयरॉनिक पूर्ण डिस्कच्या इमेजला पार्टिशन इमेज (फक्त एका पार्टिशनची इमेज) समजू शकतो. अख्खी डिस्क एका पार्टिशनच्या पोटात लिहिली जाते आणि बूट अर्थातच होत नाही.

लॉट सोडण्याआधी एका सर्व्हरवर चाचणी घ्या, तीही रूट डिव्हाइस हिंट (इमेज कोणत्या डिस्कवर लिहायची त्याची खूण) लावून. हिंट नसेल तर आयरॉनिक ४ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कांमधली सर्वांत लहान निवडतो, आणि ती आतली यूएसबी किंवा एसडी निघू शकते. हिंट डिस्कच्या सिरियल किंवा डब्ल्यूडब्ल्यूएन या ओळख क्रमांकाने द्या; ‘एसडीए’ हे नाव दुसऱ्या बूटला बदलू शकतं. नवी इमेज चालली की जुनी लगेच पुसू नका, ग्लान्समध्ये लपवून ठेवा. तिच्यावरचा एखादा सर्व्हर पुन्हा उभारायची वेळ आलीच, तर ती तिथे हवी.