मागचे ब्रेक जोडताना कुठलं कुठे, हे लक्षात कसं राहतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माझ्या १९६८ च्या फोक्सवॅगन बीटलचे मागचे ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे डबे, उघडे दिसले की येणारा-जाणारा हेच विचारतो: एवढ्या स्प्रिंगा, पट्ट्या, पिना, परत जोडताना कुठलं कुठे जातं हे लक्षात कसं ठेवता? मी लक्षात ठेवतच नाही. ब्रेक दाबल्यावर जोर कुठून निघतो, कुठे पोचतो आणि पाय उचलल्यावर शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या दोन कमानी, मागे कसे येतात, एवढं समजलं की पाठांतराची गरज उरत नाही.

हल्ली सगळे सांगतात, उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. जरूर काढा, मीही काढते. पण जुन्या गाडीत तो फोटो आधीच्या मिस्त्रीच्या कामाचा असतो. शूला चार भोकं असतात. त्याने स्प्रिंग चुकीच्या भोकात अडकवली असेल तर फोटो बघून तुम्हीही इमानेइतबारे तिथेच अडकवाल. त्यापेक्षा भागांवरच्या खुणा बघा. जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे चकाकी असते, जिथे नुसतं टेकतं तिथे गंज. आणि एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे पडताळायला दुसरी शाबूत राहते. फक्त ती आरशातल्यासारखी उलटी आहे, हे विसरू नका.

तर आत काय चालतं? बीटलच्या मागच्या चाकात व्हील सिलिंडर वर असतो आणि शू-ड्रममधलं अंतर कमीजास्त करणारा अॅडजस्टर खाली. पेडल दाबलं की सिलिंडरमधले दोन पिस्टन दोन बाजूंना सरकतात आणि दोन्ही शूंची वरची टोकं फाकवतात. खालची टोकं अॅडजस्टरवर टेकून असतात. शू ड्रमला आतून चिकटतात. पाय उचलला की वरखालच्या रिटर्न स्प्रिंगा त्यांना मागे खेचतात. मूळ गोष्ट एवढीच.

पण दोन्ही शू सारखं काम करत नाहीत. गाडी पुढे जात असताना ड्रमची पुढची बाजू वरून खाली फिरते. त्यामुळे पुढचा शू ड्रमबरोबर खाली, अॅडजस्टरकडे ओढला जातो आणि आणखी घट्ट बसतो. ड्रमच त्याला मदत करतो. मागच्या शूला मात्र ड्रम वर ढकलतो, आपल्यापासून दूर लोटतो. म्हणून पुढच्या शूचं लायनर, म्हणजे ड्रमवर घासणारा थर, आधी झिजतं. रिव्हर्समध्ये याच्या बरोबर उलट होतं. जुने शू खाली ठेवून त्यांची जाडी बघितली तरी कुठला पुढे होता ते कळतं. दोन्ही सारखेच झिजले असतील, किंवा मागचा जास्त झिजला असेल, तर काहीतरी अडकत असू शकतं आणि ते तपासल्याशिवाय नवे शू चढवण्यात अर्थ नाही.

हँडब्रेकची पट्टी मागच्या शूवर असते. केबल पुढून, गाडीच्या मधल्या नळीतून येते आणि पट्टीचं खालचं टोक पुढे ओढते. पट्टी वर खिळीवर फिरते आणि सिलिंडरखालच्या आडव्या दांडीला पुढे रेटते. दांडी पुढच्या शूला ढकलते आणि उलट्या जोराने मागचा शूही ड्रमला भिडतो. केबल पुढून येते म्हटल्यावर पट्टी मागच्याच शूवर हवी, पुढच्या शूवर लावली तर केबल तिला काही करूच शकणार नाही. यात पाठ करण्यासारखं काय आहे, सांगा.

सगळ्यात जास्त चुका अॅडजस्टरमध्ये होतात आणि त्या दिसतही नाहीत, म्हणून तिथे जरा थांबते. दातेरी चकती फिरवली की तिच्यातला स्क्रू पुढेमागे सरकतो. त्या स्क्रूच्या डोक्याला एक खाच असते, तिच्यात शूचं टोक बसतं. ही खाच सरळ नाही, तिरकी आहे, आणि शूचं टोकही तसंच तिरकं कापलेलं आहे. स्क्रू अर्धा फेरा फिरलेला असेल तरी शू खाचेत जातो, पण तळाशी सपाट न बसता एका कडेवर उभा राहतो. वरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. मग ब्रेक दाबताना शू कडेवरून घसरतो, पेडल कधी वर लागतं कधी खाली, आणि माणूस आठवडाभर ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढत बसतो. शू हाताने खाचेत दाबून टॉर्च मारा. मधून उजेड आरपार दिसला तर स्क्रू फिरवा. दोन्ही तिरकस पृष्ठभाग एकमेकांवर पूर्ण टेकायला हवेत.

ड्रम निघाल्यावर आतली काळी पूड फुंकरीने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा आणि तो फुप्फुसात गेला की परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. याबाबतीत मी कोणाचंही ऐकून घेत नाही.

आत ओल दिसली तर ती कसली, हे आधी ओळखा. गिअर ऑइल असेल तर बोटाला चिकट लागतं, गंधकासारखा उग्र वास येतो. ते एक्सलच्या सीलमधून आलेलं असतं. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि बॅकप्लेटवरचा, म्हणजे ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्यावरचा, रंग सोलवटून काढतं. ते सिलिंडरच्या रबरी कपातून आलेलं असतं. दोन्हींचा इलाज वेगळा. तेल प्यायलेलं लायनर मात्र पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून परत लावू नये. तापलं की आतलं तेल पुन्हा वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढायला लागते. शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे.

जोडताना बॅकप्लेटवरचे उंचवटे आधी हाताने चाचपते. शूची कड त्यांच्यावर घासत असते. तिथे खळगा पडला असेल तर शू त्यात अडकतो आणि स्प्रिंग कितीही नवी असली तरी मागे येत नाही. खळगा भरून, घासून सपाट करायचा आणि उष्णता सोसणारं ग्रीस नखावर मावेल इतकंच लावायचं. मग केबल पट्टीत अडकवायची, दोन्ही शू आडव्या दांडीसकट, खालच्या स्प्रिंगसकट अॅडजस्टरमध्ये उभे करायचे, वरची टोकं सिलिंडरवर चढवायची. शेवटी शूंना बॅकप्लेटशी धरून ठेवणाऱ्या धरपिना. बॅकप्लेटच्या मागून एका बोटाने पिन दाबून धरायची, पुढून स्प्रिंग आणि वाटी पक्कडीने दाबायची आणि पाव फेरा फिरवायची. पिनेचं चपटं डोकं वाटीच्या खाचेत आडवं बसल्याचं बोटाला कळतं. स्प्रिंग उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

हे शिकायचं कुठे, असंही विचारतात. पुण्यात बीटल हाताळलेला मिस्त्री शोधत फिरू नका. जवळच्या रिक्षावाल्यांच्या मिस्त्रीकडे जाऊन बसा. रिक्षाच्या चाकांत ड्रमच असतात आणि ती माणसं रोज तेच करतात. चाकणला बनलेल्या पोलोच्याही मागच्या चाकांत ड्रमच होते. तत्त्व तेच, आकार वेगळे. जुन्या शूवर नवं लायनर चढवून देणारी दुकानंही त्यांनाच ठाऊक असतात, आणि बाहेरून मागवलेल्या शूपेक्षा मला ते काम कित्येकदा बरं वाटतं, कारण शूचं मूळ लोखंड जागेवर बरोबर बसतं. ड्रमला कड आली असेल तर लेथवर द्या. ते घरी होत नाही.

ड्रम चढल्यावर ३६ मिलिमीटरची एक्सलची नट. तिला सुमारे ३०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, म्हणजे मीटरभर दांडीच्या टोकावर ३० किलोंचा जोर. हे गाडी घोडीवर असताना करू नका. चाक लावून, गाडी जमिनीवर उतरवून, दुसऱ्या चाकांना उट्या लावून करा. नट सुटू न देणाऱ्या काटापिनेचं भोक जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायची, मागे कधीच घ्यायची नाही. काटापिन दरवेळी नवी.

सेटिंगचा क्रम पक्का आहे: हँडब्रेकची केबल आधी ढिली, मग शू. केबल ताणलेली असेल तर शू मागे पूर्ण बसत नाहीत आणि सगळं माप चुकतं. गाडी परत घोडीवर घेऊन, चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत अॅडजस्टरची चकती फिरवा, पेडल एकदा जोरात दाबून शू मध्यावर येऊ द्या, परत आवळा, मग दोन-तीन दात मागे. दोन्ही शूंच्या चकत्यांचं असंच. सिलिंडर बदलला असेल तर एअर काढा, मास्टर सिलिंडरपासून (पेडलने चालणाऱ्या मुख्य सिलिंडरपासून) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून. हँडब्रेक सगळ्यात शेवटी: त्याचा दांडा दोन दातांवर ओढला की दोन्ही चाकं सारखी जड व्हावीत, चार दातांवर हाताने फिरू नयेत.

मग रिकाम्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर हळू चालवून या, मधूनमधून हलके ब्रेक लावत. उतरलात की दोन्ही मागच्या ड्रमांजवळ हात न्या, लावू नका. दोन्हीकडे सारखी ऊब लागली तर काम झालं. एक बाजू जास्त तापली असेल तर त्या बाजूची चकती आणखी एक दात मागे घ्या आणि पुन्हा फिरवून आणा.