तुम्ही विचारलेत म्हणून : निवडणूक अधिकारी होण्यासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते?

ठाण्यातील अभ्यासिकांमध्ये मार्गदर्शनासाठी जाणे होते, तेव्हा राज्यसेवेची तयारी करणारे कोणी ना कोणी हा प्रश्न हमखास विचारते, आणि अशी परीक्षाच नसते हे माझे उत्तर ऐकून हिरमुसते. महसूल खात्यात उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त होईपर्यंत निवडणुकीचे काम माझ्याकडे वारंवार आले, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

निवडणूक अधिकाऱ्यांचा वेगळा संवर्ग नाही. ठाणे जिल्ह्यात भिवंडी ग्रामीणपासून बेलापूरपर्यंत विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत आणि तेथे निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून बसणारी माणसे बहुतेक महसुलातील, एरवी जमिनीचे दावे आणि दाखले हाताळणारी असतात. अधिसूचना निघाल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत ती भारत निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असे लोकप्रतिनिधित्व कायदाच मानतो, त्यामुळे त्या काळात त्यांच्यावर नियंत्रण आणि शिस्तीचा अधिकार आयोगाचा असतो. महापालिका आणि जिल्हा परिषदांचे काम मात्र वेगळ्या संस्थेकडे, म्हणजे राज्य निवडणूक आयोगाकडे आहे. तेथील आयुक्तांची नेमणूक राज्यपाल करतात आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांसाठी जी पद्धत आहे तिच्याशिवाय त्यांना पदावरून दूर करता येत नाही. राज्याच्या पहिल्या महिला निवडणूक आयुक्त नीला सत्यनारायण या १९७२च्या तुकडीच्या सनदी अधिकारी होत्या. ते पद असे साऱ्या कारकिर्दीच्या शेवटी मिळते, सुरुवातीला नव्हे.

दूरचित्रवाणीवर मतमोजणीचा दिवस दिसतो, म्हणून तोच या कामाचा गाभा आहे असा समज होतो. माझ्या मते गाभा मतदार यादी हा आहे, आणि ठाणे-नवी मुंबईत तर तो फारच किचकट आहे. गिरणगावातील चाळ सोडून घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरमध्ये आलेले कुटुंब आपले नाव जुन्या पत्त्यावरून हलवण्यासाठी नमुना ८ भरण्याऐवजी नव्या मतदारासाठी असलेला नमुना ६ भरते, आणि एकच माणूस दोन मतदारसंघांत मतदार होऊन बसतो. कायद्याला हे मान्य नाही, परंतु जुने नाव आपोआप जात नाही. यादी घरोघर पडताळण्यासाठी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून नेमलेली शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका त्या टॉवरच्या प्रवेशद्वाराशी उभी असते. सुरक्षारक्षक तिला वहीत नाव लिहायला लावतो, मोबाइलवरून वरच्या मजल्यावर परवानगी मागतो, वरून कोणी होकार देत नाही आणि ती पुढच्या इमारतीकडे वळते. कोपरखैरण्यात किंवा घणसोलीत भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावर राहतात; माणूस निघून गेला हे शेजारी सांगतात, तरी त्याला नोटीस देऊन म्हणणे मांडण्याची संधी दिल्याखेरीज नाव वगळता येत नाही. याद्यांतील घोळाबद्दल बोलणाऱ्यांची तक्रार पुष्कळदा खरी असते, फक्त तो घोळ मतदानाच्या आदल्या रात्री कोणी घडवलेला नसतो, वर्षानुवर्षे साचलेला असतो.

महापालिका निवडणुकीत त्यात भर पडते, कारण राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी तयार करत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे फोडली जाते. सीमेवरची एखादी इमारत चुकीच्या प्रभागात गेली की त्यातील सगळ्या घरांचा रोष हरकतींच्या मुदतीत नव्हे, मतदानाच्या दिवशी व्यक्त होतो. नवी मुंबईत २०१५नंतर थेट जानेवारी २०२६मध्ये मतदान झाले, तेही प्रथमच बहुसदस्यीय प्रभागांत. इतक्या वर्षांत नव्या वसाहती उभ्या राहिल्या होत्या आणि बहुतेकांना एकाऐवजी चार मते द्यायची होती, हे लक्षात घेतले की याद्या फोडण्याचे काम किती नाजूक होते ते कळेल.

आता दबावाविषयी, कारण दुसरा प्रश्न तोच असतो. दबाव येतो, पण चित्रपटात दाखवतात तसा फोनवरून क्वचितच; तो नामनिर्देशनपत्रांच्या छाननीच्या टेबलावर वकिलांच्या रूपाने येतो. प्रतिस्पर्ध्याचा अर्ज बाद करा म्हणून एक बाजू शपथपत्रातील रिकामा रकाना दाखवते, दुसरी बाजू ती किरकोळ त्रुटी असल्याचे सांगते, आणि निर्णय तेथेच, लेखी कारणांसह द्यायचा असतो. कायदा म्हणतो की महत्त्वाचा दोष नसेल तर अर्ज फेटाळू नये. शिवाय, एखादा अर्ज चुकीने फेटाळला गेल्याचे उच्च न्यायालयात सिद्ध झाले तर तेवढ्यावरच निवडणूक रद्द होते, मात्र चुकीने स्वीकारला असेल तर त्याचा निकालावर परिणाम झाला हेही दाखवावे लागते. म्हणून अनुभवी अधिकारी शंका असलेला अर्ज बहुधा ठेवतो. लोक त्याला बोटचेपा म्हणतात. मला ते शहाणपण वाटते, कारण उमेदवाराला नाकारायचे असेल तर ते काम मतदाराने करायचे आहे.

तेव्हा ज्यांना याच वाटेने जायचे आहे त्यांनी राज्यसेवेत उपजिल्हाधिकारी किंवा तहसीलदार पदाला वरचा पसंतीक्रम द्यावा. निवडणूक शाखेतील नेमणूक सहसा कोणी मागून घेत नाही, तेथे ना रुबाब ना सुट्ट्या, त्यामुळे मागणाऱ्याला ती मिळण्याची शक्यता बरीच असते. मिळाली तर पहिल्याच आठवड्यात एखाद्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याबरोबर दिवसभर इमारतींमधून फिरून यावे, आणि आपल्या टेबलावर येणारे नमुना ७ (नाव वगळण्यासाठीचा) व नमुना ८चे अर्ज निकाली निघायला किती दिवस लागतात याची नोंद स्वतःच्या हाताने ठेवायला लागावे.