अकरावीतली फ्रेंच आणि चाळिशीतली जर्मन

घरून फोन आला की एक प्रश्न ठरलेला, "तिकडे नेमकी कुठली भाषा बोलतात गं?" आणि लक्झेंबर्गसाठी याचं उत्तर एका वाक्यात देताच येत नाही. इथे तीन भाषा आहेत, लक्झेंबर्गिश, फ्रेंच आणि जर्मन, आणि तिघींनी कामं वाटून घेतलीयेत. कायदे फ्रेंचमध्ये लिहितात, मुलं शाळेत लिहावाचायला शिकतात ती परंपरेने जर्मनमधून, आणि घरात आपापसात बोलणं लक्झेंबर्गिशमध्ये, जिला १९८४ च्या कायद्याने राष्ट्रभाषा केलं. त्यात जवळजवळ अर्धी लोकसंख्या परदेशी, शिवाय फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून रोज दोन लाखांवर माणसं कामाला येतात आणि संध्याकाळी आपापल्या देशात परत जातात. त्यामुळे समोरचा कुठल्या भाषेत तोंड उघडेल ते सांगता येत नाही.

ऑफिसात इंग्रजीवर भागतं. वर्षानुवर्षं इंग्रजीवरच राहिलेले बरेच भारतीय मला माहितीयेत आणि त्यांचं काही अडत नाही असं तेच सांगतात. माझं अडत होतं. शाळेतून चिठ्ठी जर्मनमध्ये येणार, इन्शुरन्सचं पत्र फ्रेंचमध्ये, आणि दर वेळी त्यावर मोबाईल धरून भाषांतर वाचायचा मला भयंकर कंटाळा आला.

फ्रेंच मी अकरावी-बारावीला घेतली होती, आणि का घेतली होती ते आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको, स्कोअरिंग! बारावीचा पेपर झाला आणि विषय संपला, मधल्या वीसेक वर्षांत एक ओळही वाचली नाही. सगळं पुसलं गेलं असणार असं धरून मी पुन्हा अगदी पहिल्यापासून सुरुवात केली, पण क्रियापदांची रूपं तोंडातून आपोआप यायला लागली, ज्यांचा अर्थही आधी आठवायचा नाही अशी. यामागे जुनं संशोधन आहे. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये मांडलं होतं की, विसरलेली गोष्ट परत पाठ करायला पहिल्या वेळेपेक्षा कमी वेळ लागतो, आपल्याला आठवत नसलं तरी. मात्र सगळं एकदम परत येत नाही. माझं वाचन आधी आलं, मग ऐकून कळायला लागलं आणि बोलणं सगळ्यात शेवटी, तेही कुरकुरत.

"लहान मुलं कशी पटापट शिकतात, आपलं वय झालं" हे वाक्य मात्र मला आता ऐकवत नाही. १९७८ मध्ये नेदरलँड्समध्ये नव्याने राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांच्या डच शिकण्यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सुरुवातीच्या काही महिन्यांत सगळ्यात वेगाने पुढे गेले ते बारा ते पंधरा वयाचे आणि मोठी माणसं, आणि तीन ते पाच वर्षांची मुलं मागे होती. मुलं पुढे जातात ती नंतर, उच्चारात तर जातातच. पण मुलांना दिवसभर तीच भाषा कानावर असते आणि त्यांच्याकडून कुणी इन्शुरन्सच्या पत्राची अपेक्षा करत नाही, हे कोण लक्षात घेतं?

जर्मन मात्र पूर्ण नवीन होती. क्लासमध्ये बाई इंग्रजीतून समजावायच्या आणि मी ते इंग्रजीतून डोक्यात बसवायला बघायचे, आणि ते बसत नव्हतं. मग एकदा 'मीर इस्ट काल्ट' आलं, शब्दशः 'मला थंड आहे', इंग्रजीवाले अडखळले की यात 'मी' कुठे गेला, आणि मला वाटलं, अहो, आपल्याला थंडी 'मला'च वाजते ना! 'दास गेफेल्ट मीर' म्हणजे 'हे मला आवडतं', परत तेच. 'कारण मी दमलेय' म्हणताना जर्मनमध्ये 'वाइल इश म्यूडे बिन', क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. एकवीस म्हणताना आधी एक आणि मग वीस, तेही आपल्यासारखं. मुलगी नपुंसकलिंगी कशी यावर क्लासमध्ये हशा पिकला होता, आपण तर 'ते पोर' लहानपणापासून म्हणतो. अर्थात लिंगं सगळी जुळतात असं मुळीच नाही, त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी आहे आणि ते पाठच करावं लागतं. पण तेव्हापासून व्याकरणाचं काही अडलं की मी आधी ते मराठीत म्हणून बघते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे असेल, पण परदेशी भाषा म्हटली की इंग्रजीच्या दारातूनच जायचं असतं असं मी धरूनच चालले होते.

खरी गंमत दोन्ही एकत्र चालू असताना होते. फ्रेंच बोलताना मध्येच जर्मन 'उंड' टपकतो, मराठी किंवा इंग्रजी 'आणि' मात्र कधी नाही. उशिरा शिकलेल्या भाषा एकमेकींच्या वाटेत येतात हे खूप जणांना होतं, घाबरायचं कारण नाही. मला उपयोग झाला तो एवढाच की दोन्ही एकदम कच्च्या ठेवल्या नाहीत. फ्रेंच बी-वन पातळीला आल्यावरच जर्मनला हात घातला, म्हणजे रोजचं बोलणं निभावेल इतपत, आणि दोघींना जागा वेगळ्या दिल्या. फ्रेंच शेजारच्या काकूंशी, जर्मन शाळेच्या चिठ्ठ्यांशी. ट्रॅममध्ये बाजूच्यांचं ऐकणं हा तिसरा क्लास, फुकट, कारण इथे २०२० पासून देशभर बस, ट्रॅम आणि सेकंड क्लासच्या ट्रेनला तिकीटच नाहीये.

आता राहिली लक्झेंबर्गिश. जर्मन थोडी आली की ती बरीचशी कळते, आणि जिथे कळत नाही तिथे बऱ्याचदा फ्रेंच शब्द निघतो, थँक्यूलासुद्धा ते 'मेर्सी'च म्हणतात. त्रास आहे तो शब्दाच्या शेवटच्या 'न'चा, पुढचा शब्द कुठल्या अक्षराने सुरू होतो त्यावर तो राहतो किंवा गळतो, आणि बोलण्याच्या ओघात हे लक्षात ठेवणं म्हणजे काय ते विचारू नका. नागरिकत्वासाठी साधारणपणे याच भाषेची परीक्षा असते, बोलणं ए-टू, म्हणजे बी-वनच्या एक पायरी खाली, आणि ऐकणं बी-वन, लिहिण्याचा पेपर नाही हे फार बरं आहे. आणि नोकरी करणाऱ्यांना ही भाषा शिकायला कायद्याने २०० तासांपर्यंत पगारी रजा मिळू शकते, हे मी आईला सांगितलं तर तिला खरंच वाटेना. माझा अर्ज मॅनेजरच्या टेबलावर आहे. तो स्वतः रोज फ्रान्समधून येतो आणि त्याला लक्झेंबर्गिशचा एक शब्द येत नाही.