आधी पाण्याला वाट

मिरग लागला की आमच्या वाडीच्या रस्त्याचा स्वभाव पालटतो. मे महिन्यात पायाखाली लाल फुफाटा असतो, आणि पहिल्या चार सरींतच त्याचा असा रबरबाट होतो की पाय वर येतो, चप्पल खालीच राहते. डांबर तिठ्यापर्यंत आहे. पुढचा रस्ता दर उन्हाळ्यात मंजूर होतो आणि दर पावसाळ्यात आमच्या माथी येतो.

सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यात माती जांभ्याची, लोहाने लाल झालेली. कपड्याला एकदा लागली की तो कपडा शेतात घालायचा झाला. गणपतीला काही चाकरमानी पांढरे बूट घालून उतरतात. त्यांना आधी कोणी काही सांगत नाही. तेवढीच करमणूक.

चिखल दिसला की प्रत्येकाला त्यावर काहीतरी ओतायचं असतं. चिरेखाणीतला चुरा आणून पसरला की दोन दिवस रस्ता देखणा दिसतो. मग चुरा भिजतो, चाकांखाली मळला जातो आणि होता तो चिखल वीतभर जाड होतो. नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, त्याहून बरी, निदान चाकाला धरायला काही मिळतं, पण कुजतात. काळ्या दगडाची खडी टिकते, पण खाली पाणी साचत नसेल तरच.

शेजारचे आबा या उद्योगांकडे पडवीतून बघत असतात. “आदी पाण्याक वाट दी रे, मगे गाडयेक,” म्हणतात. स्वतः सकाळी डोक्यावर खोळ घेऊन, खोऱ्याने कडेच्या चरातला पाला ओढून काढतात. चर तुंबला की वरचं पाणी रस्त्यावर उतरतं आणि चाकोरीतून वाहत ती आणखी खोल करतं. म्हणून उतारावर त्यांनी दोन ठिकाणी चिरे तिरके पुरलेत. पाणी त्यांना अडून बाजूच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या लहान खाचरात जातं. आमच्या जुन्या पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, पायऱ्याही अशाच एका अंगाला किंचित कललेल्या आहेत. तिथे चिखल नसतो. शेवाळ मात्र असतं, ते खराट्याने घासावं लागतं.

एवढं करूनही आषाढात दुचाकी घरापर्यंत नेण्याच्या फंदात कोणी पडत नाही. ती तिठ्यावरच्या दुकानाच्या पडवीत राहते. दुकानदार भाडं घेत नाही, पण काही विकत न घेता गाडी काढणाऱ्याकडे असा बघतो की आमच्या घरात बिस्किटांचे पुडे साठलेत.